लाकडी नंदीची दोन चाके

आमच्या घरातला लाकडी नंदी माझ्या सासऱ्यांच्या लहानपणचा आहे. नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यातून तो मानेवाड्याच्या या घरी आला, तेव्हाच त्याचे मागचे उजवे चाक नव्हते, आणि डावे चाक वाळवीने आतून असे पोखरले होते की अंगठ्याने दाबले तरी पापुद्रा खाली जात असे. गेली काही वर्षे तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्यानंतरच्या मुलांच्या सणाच्या, दिवशी त्याला चौरंगावर बसवायचे, झूल आणि माळ घालायची, आणि नातवाच्या हातात बाजारातला हलका, लहान नंदी द्यायचा, असाच रिवाज पडला होता. या वर्षी एप्रिलमध्ये नातवाने विचारले की मोठा नंदी घरोघरी बोजारा, म्हणजे सणाची भेट, मागायला का येत नाही. माझ्याजवळ उत्तर होते, पण ते मलाच पटणारे नव्हते. चार महिने हातात होते. मी रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका आहे. साचा आणि ओतकाम या विषयातले रसायन मी अनेक वर्षे फळ्यावर लिहिले होते, हाताने मात्र कधी केले नव्हते.

आधी सरळ मार्ग पाहिला. लाकडाची खराद करणाऱ्या दोघांना समोरचे शाबूत चाक दाखवले. गोल चाक सहज निघेल असे दोघेही म्हणाले. पण चाकाच्या दर्शनी बाजूवर आठ पाकळ्यांचे जे फूल कोरलेले आहे, ते खरादीवर निघत नाही, आणि हाताने कोरले तर चारही चाके एकसारखी दिसतील याची हमी कोणी देईना. त्या फुलाची एक पाकळी इतरांपेक्षा किंचित अरुंद आहे. कोरणाऱ्याचा हात तिथे थोडा आवरला असावा. मला नवे चाक हवे होते, पण फूल तेच हवे होते, आणि ते साच्याशिवाय मिळणार नव्हते.

चाकाचे माप असे आहे: व्यास ११० मिलिमीटर, कडेची जाडी २५ मिलिमीटर, मधला तुंबा दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असल्याने तिथली लांबी ४० मिलिमीटर, आणि आरपार १० मिलिमीटरचे भोक. एक बाजू सपाट असती तर उघड्या तोंडाच्या, एकाच तुकड्याच्या साच्यात काम भागले असते. तुंब्यामुळे आणि कडेवरच्या खाचेमुळे दोन तुकड्यांचा साचा करणे भाग होते.

साचा सिलिकॉनचा, म्हणजे ओतल्यावर रबरासारख्या घट्ट होणाऱ्या द्रवाचा, करायचा होता. ते लाकडावर थेट ओतता येत नाही, कारण लाकडाची छिद्रे हवा सोडत राहतात आणि सिलिकॉनच्या पृष्ठभागावर त्या हवेचे फोड उठतात. शिवाय सिलिकॉन छिद्रांत शिरून धरून ठेवते आणि काढताना साचा फाटण्याची भीती असते. म्हणून चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे पाच पातळ हात दिले, प्रत्येक हातानंतर अर्धा तास थांबले आणि शेवटी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलके घासले. या तयारीला पूर्ण दोन दिवस गेले. पुढच्या सगळ्या कामात याच दोन दिवसांचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला, कारण साचा मूळ वस्तूवरची बोटाची खूणसुद्धा उचलतो, आणि मग ती खूण प्रत्येक ओतीव वस्तूवर पुन्हा पुन्हा येते.

सिलिकॉन महाग असते, त्यामुळे चौकोनी पेटीऐवजी शेतीच्या पाइपचा तुकडा वापरला. १४० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे साडेसहा सेंटिमीटर उंचीचे कडे कापून घेतले. त्यात चाकाभोवती सर्व बाजूंनी साधारण एक सेंटिमीटर जागा राहते. चौकोनी पेटीच्या चार कोपऱ्यांत जे सिलिकॉन फुकट गेले असते, ते वाचले. किती लागेल हे पाहण्यासाठी कड्यात चाक ठेवून उरलेली जागा तांदळाने भरली आणि तो तांदूळ मापपात्रात ओतला. ६४० मिलिलिटर भरला. सिलिकॉनची घनता पाण्याहून थोडी अधिक असते, आणि भांड्याला चिकटून राहणारा भाग वेगळा. म्हणून दोन्ही तुकड्यांना मिळून ८०० ग्रॅम धरले.

पहिली चूक इथे झाली, आणि ती रसायनशास्त्राच्या शिक्षिकेने करायला नको होती. ओतीव साच्यांसाठी मिळणारे सिलिकॉन मुख्यतः दोन प्रकारचे असते. एक कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारे, दुसरे प्लॅटिनमने. प्लॅटिनमचे सिलिकॉन जवळजवळ आकसत नाही आणि साचा अनेक वर्षे टिकतो, म्हणून मी तेच मागवले. चाकाचा खालचा अर्धा भाग मातीत दाबून जोडरेषा तयार करायची असते. त्यासाठी घरात नातवाची शाळेतली रंगीत माती होती, ती वापरली. दुसऱ्या दिवशी पाहते तर सिलिकॉन वरून छान रबरासारखे झालेले, आणि जिथे जिथे ते मातीला टेकले होते तिथे मधासारखे चिकट राहिलेले. अशा मळायच्या मातीत पुष्कळदा गंधक असते, आणि गंधक प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला निकामी करते. कथिलाची संयुगे, अमाइन आणि लॅटेक्ससुद्धा तेच करतात. लॅटेक्सचे हातमोजे घालून हे सिलिकॉन कालवणेही धोक्याचे आहे. उत्प्रेरकाचे विष हा धडा मी स्वतः शिकवलेला होता. एक किलोच्या संचातला निम्म्याच्या जवळपास माल गेला, आणि चाकावरचा चिकटा काढायला स्पिरिटच्या बोळ्याने संध्याकाळ गेली. त्यात लाखेचे दोन हातही निघून आले, ते पुन्हा द्यावे लागले.

त्यानंतर चितार ओळीत गेले. महालातल्या या ओळीत उन्हाळ्यातच गणपतीच्या मूर्तींचे काम सुरू होते. तिथे एका मूर्तिकारांकडून दोन किलो शाडू घेतला आणि त्यांना चाक दाखवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, पाकळ्यांच्या खालच्या खोलगट कडेवर नख फिरवले आणि म्हणाले, “काकू, इथं हवा अडकून राहते. पहिले ब्रशनं लावून घ्या न, मग भरा. आम्ही नाकाडोळ्याले तसंच करतो.” मी पुढे जे काही ओतले, त्यात हे एक वाक्य दर वेळी पाळले.

दुसऱ्या प्रयत्नात कथिलाचे सिलिकॉन घेतले. ते घट्ट होताना त्यातून अल्कोहोल बाहेर पडते, आणि जेवढे वजन जाते तेवढा साचा कालांतराने आकसतो. तो दोष मला चालणार होता, का ते पुढे येईल. शाडूत चाक अर्ध्यापर्यंत बसवले, चमच्याच्या पाठीने जोडरेषा गुळगुळीत केली, आणि दोन तुकडे पुढे एकमेकांत नेमके बसावेत म्हणून मातीत चार ठिकाणी कंचा अर्धा दाबून खळगे केले. मेच्या उन्हात शाडू तासाभरात भेगाळतो, त्यामुळे कडे बसवेपर्यंत त्यावर ओले फडके ठेवावे लागले. सिलिकॉन घट्ट करणारे हार्डनर वजनाने शंभराला तीन होते, म्हणजे ४०० ग्रॅमला १२ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमपर्यंतच दाखवतो; १२ ग्रॅममध्ये एका ग्रॅमची चूक म्हणजे आठ टक्क्यांची चूक. म्हणून सोनारांकडे असतो तसा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा आणला. या सगळ्या उद्योगात घेतलेली ही सर्वांत उपयोगी वस्तू आहे, आणि कोणी या कामाला लागत असेल तर मी त्याला साहित्याआधी काटा घ्यायला सांगेन.

घरी हवा काढण्याचे यंत्र नसते. सिलिकॉन कालवताना त्यात फुगे शिरतातच. ते घालवण्याचा उपाय म्हणजे आधी वस्तूवर ब्रशने पातळ थर लावायचा, आणि नंतर भांडे हातभर उंच धरून शेवेच्या जाडीची धार एकाच कोपऱ्यात सोडायची. धार ताणली जाते तशी त्यातले फुगे फुटतात, आणि सिलिकॉन कोपऱ्यातून आपण होऊन वस्तूवर चढत जाते. ४०० ग्रॅम ओतायला आठ मिनिटे लागली. प्रेशर कुकर वापरून हवा दाबण्याची एक युक्ती मला सुचवली गेली होती. ती मी केली नाही आणि कोणी करू नये, कारण कुकर दाबाखाली तासन्‌तास बंद ठेवण्यासाठी बनलेला नसतो.

चोवीस तासांनी साचा उलटा केला, शाडू काढून चाक पाण्याने पुसून कोरडे केले, आणि उघड्या पडलेल्या सिलिकॉनवर व्हॅसलिनचा अगदी पातळ थर दिला. हा थर राहून गेला तर नवे सिलिकॉन जुन्याला कायमचे चिकटते आणि आत अडकलेले चाक बाहेर काढायला सुरी लागते. दुसरा अर्धा ओतला. आणखी एक दिवस गेला. दोन्ही तुकडे अलग केले तेव्हा अरुंद पाकळीसकट आठही पाकळ्या साच्यात उलट्या उमटल्या होत्या. लाकडाची एक बारीक उभी रेघ, जी मला चाकावर कधी दिसलीच नव्हती, तीही उमटली होती. साचा चार दिवस उघडा ठेवला, म्हणजे आत राहिलेले अल्कोहोल निघून जावे.

आता चाक ओतायचे कोणत्या रेझिनने, म्हणजे घट्ट होणाऱ्या द्रवाने, हा प्रश्न होता. फायबर ग्लासच्या दुकानांत मिळणारे पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असते, पण ते घट्ट होताना घनफळाने पाच ते आठ टक्के आकसते, त्यातल्या स्टायरीनचा वास घरभर दिवसेंदिवस राहतो, आणि त्याचे कोबाल्टचे द्रावण व पेरॉक्साइडचे हार्डनर चुकून एकमेकांत थेट मिसळले तर भडका किंवा स्फोट होऊ शकतो. लहान मूल असलेल्या घरात मी ते आणले नाही. पॉलियुरेथेनचे दोन भागांचे ओतीव रेझिन घेतले. ते पाण्यासारखे पातळ असते, पाकळीच्या टोकापर्यंत सहज पोहोचते आणि अर्ध्या तासात वस्तू हातात येते. कारखान्यांत नमुन्याचे भाग याच पद्धतीने काढतात.

पण मे महिन्यातले नागपूर आणि पॉलियुरेथेन यांचे जमत नाही, हे मला दोन प्रयत्नांनंतर कळले. पहिला प्रयत्न दुपारी, बैठकीत, कूलर लावून केला. बाहेर पारा ४४ च्या आसपास होता, आणि कूलरशिवाय त्या खोलीत उभे राहणे शक्य नव्हते. ओतल्यावर दोनच मिनिटांत ओतनळीतून पिवळसर फेस वर येऊ लागला, आणि साचा उघडला तेव्हा आत ढोकळ्यासारखे जाळीदार चाक निघाले. बोटाने दाबले की दबत होते. कारण साधे आहे. या रेझिनच्या एका भागातले आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. गाद्यांचा फोम नेमका याच क्रियेवर बनतो. ओट्टो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत १९३७ साली पॉलियुरेथेन बनवण्याची जी वाट शोधली, तिच्यातूनच पुढे फोमही आला आणि भरीव वस्तूही आल्या. आमची खोली थंड करणारा कूलर ताट्यांमधल्या ओल्या वाळ्यातून हवा ओढतो, म्हणजे तो खोलीत सतत पाण्याची वाफ आणून सोडतो. बाहेरची हवा भट्टीसारखी कोरडी होती. मी मात्र दमट हवेत काम करत होते, आणि ती हवा मीच तयार केली होती.

दुसऱ्या वेळी पहाटे पाचला उठले, कूलर रात्रीच बंद ठेवला होता. खोलीत ३३ अंश होते. रेझिनच्या डब्यावर ‘२५ अंशाला तीन मिनिटे’ असे लिहिलेले होते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम लावला, तर माझ्याजवळ जेमतेम पावणेदोन मिनिटे होती, आणि त्यात कालवणे, ब्रशने लावणे, साचा बांधणे आणि ओतणे हे सगळे बसत नव्हते. पाऊण साचा भरला आणि भांड्यातला उरलेला माल एका क्षणात दुधाळ होऊन थिजला. डबे फ्रिजमध्ये ठेवून थंड करावे असा मोह होतो. पण थंड डबा उघडताच त्याच्या तोंडावर आणि आत दव धरते, आणि पुन्हा पाण्याचाच प्रश्न येतो. एसीच्या खोलीत हे काम नीट झाले असते, कारण एसी हवा कोरडी करतो. पण आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना अपायकारक असते, हे रेझिन मोकळ्या हवेत किंवा कोळशाच्या फिल्टरचा मुखवटा लावूनच हाताळायचे असते, आणि आमच्या घरात एसी फक्त नातवाच्या झोपायच्या खोलीत आहे. तिथे मी ते उघडणार नव्हते. उरलेले दोन्ही डबे घट्ट बंद करून ठेवले, आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत काम थांबवले.

त्या मधल्या दिवसांत मला दायमाबादचे ओतकाम वारंवार आठवले. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९७४ साली सापडलेला तो प्राचीन कांस्याचा साठा अनेकांनी पाहिला नसला तरी चित्रांतून ओळखीचा आहे: दोन बैलांचा रथ आणि हाकणारा माणूस, आणि चाकांवर उभे केलेले हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळे मिळून ६० किलोंहून अधिक भरीव ओतीव धातू. जनावराला चाके लावून ते ओढत नेण्याची कल्पना महाराष्ट्रात इतकी जुनी आहे, हे तान्ह्या पोळ्याचा नंदी समोर असताना वाचले की वेगळेच वाटते. वितळलेल्या कांस्याची घाई रेझिनपेक्षा कितीतरी मोठी असणार. त्या कारागिरांनी साच्यातल्या हवेला वाट कुठून दिली असेल, हा प्रश्न मला आधी कधी पडला नव्हता. आता तो माझाच प्रश्न झाला होता.

जुलैमध्ये मी इपॉक्सी रेझिनकडे वळले. ते पॉलियुरेथेनपेक्षा दाट असते आणि सावकाश घट्ट होते, पण दमट हवेने त्याचा फेस होत नाही. त्याच्या बाबतीत एक गैरसमज मला दुकानातही ऐकायला मिळाला: लवकर वाळायला हवे असेल तर हार्डनर थोडे जास्त घाला. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर केवळ क्रिया सुरू करून देते, तिथे प्रमाण थोडे मागेपुढे चालते. इपॉक्सीत हार्डनर हा स्वतः संयोगातला अर्धा भागीदार आहे. जास्त घातले तर त्याचे उरलेले रेणू तसेच मोकळे राहतात आणि वस्तू कायमची मऊ राहते. माझ्या डब्यावर प्रमाण वजनाने दोनास एक होते. १८० ग्रॅम रेझिन, ९० ग्रॅम हार्डनर, छोट्या काट्यावर.

चाक निव्वळ पारदर्शक प्लास्टिकचे दिसू नये आणि घट्ट होताना फार तापू नये म्हणून त्यात शिसवीचा बारीक भुसा घालायचा होता. पावसाळ्यात भुसा कोरडा दिसतो, कोरडा नसतो. ६० ग्रॅम भुसा ओव्हनमध्ये १०० अंशांवर ठेवून दर अर्ध्या तासाने तोलला. वजन ५३ ग्रॅमवर आले आणि पुढे उतरेना, तेव्हा तो खरा कोरडा झाला. प्रयोगशाळेत ‘स्थिर वजन येईपर्यंत तापवा’ असे मी मुलींना सांगत असे, त्याचा घरात इतका थेट उपयोग होईल असे वाटले नव्हते. त्यातला २५ ग्रॅम वापरला, कारण त्याहून अधिक घातला की मिश्रण खिरीसारखे दाट होऊन ओतनळीतून उतरत नाही.

आसावर फिरणारे भोक नुसत्या रेझिनचे ठेवले तर ते लवकर झिजेल, म्हणून खरादवाल्यांकडून २० मिलिमीटर बाहेरचा आणि १० मिलिमीटर आतला पितळी बुश, म्हणजे आसावर बसणारी नळी, करून घेतला आणि त्याच्या अंगावर आडव्यातिडव्या खाचा पाडून घेतल्या, म्हणजे रेझिन त्याला धरून राहावे. साच्यात मधोमध १० मिलिमीटरची व्हॅसलिन लावलेली सळई आरपार घातली आणि तिच्यावर बुश ओवला.

ओतण्याच्या आधी आणखी एक निर्णय होता. साचा आडवा ठेवून ओतला तर पाकळ्यांच्या बाजूला हवा अडकते. म्हणून मी तो उभा केला, कडेच्या वरच्या टोकाला ओतनळी कापली आणि तिच्या दोन्ही बाजूंना शीतपेयाच्या नळीच्या जाडीच्या हवेच्या वाटा काढल्या, म्हणजे फुगे कडेपर्यंत चढतील आणि बाहेर पडतील. आणि ओतनळीची खूण पुढे कडेवर घासून काढायला सोपी जाईल. दोन्ही तुकड्यांच्या पाठीला प्लायवुडचे गोल लावून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधले. पट्ट्या आवळताना हात आवरावा लागतो, कारण सिलिकॉन दबते आणि चाक अंडाकृती निघते; माझे पहिले चाक एका दिशेने पाऊण मिलिमीटर कमी निघाले, ते त्यामुळेच, आणि ते बाजूला ठेवावे लागले.

मूर्तिकारांनी सांगितल्याप्रमाणे प्रथम भुसा न घालता थोडे रेझिन कालवून दोन्ही तुकड्यांत ब्रशने पाकळीपाकळीच्या कडेला लावले, मग साचा बांधला, भुसा मिसळलेले रेझिन एका ओतनळीतून सावकाश सोडले आणि दोन्ही वाटांतून ते वर आले तेव्हा थांबले. सिलिकॉनला पाच मिनिटे बोटांनी टिचक्या मारत राहिले. वाटांमधून आणखी बरेच फुगे निघाले. भांड्यात उरलेले रेझिन मात्र तसेच ठेवू नये, हे इथे आवर्जून लिहिते: इपॉक्सी एका ठिकाणी साचून राहिले की स्वतःच्याच उष्णतेने तापत जाते. माझ्या पहिल्या चाकाच्या वेळी उरलेले रेझिन प्लास्टिकच्या पेल्यातच राहिले, आणि अर्ध्या तासात पेल्याचा तळ वितळून वाकला. नंतर दर वेळी उरलेला माल अंगणात वाळूच्या ताटात पसरून टाकला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकांना प्रत्येकी ३० तास साच्यात ठेवले. बाहेर काढले तेव्हा कडेवर आणि वाटांच्या टोकांवर एक पांढरट, तेलकट थर आला होता. पावसाळी हवेत इपॉक्सीतले अमाइन हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन असा थर करते. तो घासून काढायचा नसतो, आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुवायचा असतो, नाही तर घासताना तो आत जातो आणि वर दिलेले पॉलिश धरत नाही. धुतले, वाळवले, आणि सात दिवस कपाटावर ठेवून दिले, कारण हाताला कडक लागणारे इपॉक्सी पूर्ण ताकदीचे व्हायला तेवढा वेळ घेते.

व्हर्निअरने मापले तेव्हा नव्या दोन्ही चाकांचा व्यास १०९.४ मिलिमीटर भरला, मूळ चाकांचा ११०. कथिलाच्या सिलिकॉनचे आकसणे इथे दिसले. जुने एक आणि नवे एक अशी जोडी एका आसावर घातली असती तर नंदी किंचित डुगडुगला असता. पण मला मागचीच दोन्ही हवी होती, आणि एकाच साच्यातून निघालेली दोन्ही चाके आपापसांत अगदी सारखी होती. म्हणूनच आकसण्याचा दोष मला आधी चालला होता. नंदीच्या मागच्या बाजूची अर्ध्या मिलिमीटरहून कमी उतरण डोळ्याला दिसत नाही.

रंगाचा मात्र मला बराच विचार करावा लागला. शिसवीच्या भुशामुळे चाके तपकिरी आली होती. त्यावर गडद पॉलिशचे दोन हात दिले. ती जुन्या लाकडासारखी दिसतात, पण जवळून पाहिले तर नवी आहेत हे कळते, आणि ते कळू द्यावे असे मी ठरवले. सासऱ्यांच्या हाताने गुळगुळीत झालेली पुढची दोन चाके तशीच आहेत, त्यांवर मी पॉलिशचा हातसुद्धा फिरवला नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीकडे गेलेली मंडळी परतल्यावर दुपारी नंदी सजवला. नऊ किलोंचा तो नंदी नातवाने दोरीने फाटकापर्यंत ओढत नेला आणि तिथून गल्लीतल्या अकरा घरी. सिमेंटच्या रस्त्यावर चाकांचा आवाज लाकडासारखा येत नाही, थोडा कोरडा आणि उंच येतो, ते मला खटकले. पुढच्या वर्षी कडेच्या खाचेत चामड्याची पट्टी बसवून पाहणार आहे. रात्री चाके काढून पाहिली. पितळी बुश जागेवर घट्ट होते, एका चाकाच्या कडेवर बारीक चरे पडले होते, पाकळ्यांना काही झाले नव्हते.

साचा रिकामा ठेवला तर स्वतःच्या वजनाने हळूहळू वाकडा होतो, म्हणून बिघडलेले पहिले चाक तासून गोल केले आणि त्याच्यासकट तो बंद केला, वरून टाल्कम पावडर भुरभुरवली आणि डब्यात घालून सपाट फळीवर, उन्हापासून दूर, धान्याच्या कोठीमागे ठेवला. डब्याच्या झाकणावर आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे: कथिलाचे सिलिकॉन, शंभराला तीन; इपॉक्सी १८० आणि ९०; भुसा २५, वाळवून; साचा उभा; कूलर बंद.